जुनी झडप जाते कुठे?

मी एक जुना रबरी नमुना आहे. माणसाच्या हृदयाचा नमुना. एखाद्या विक्षिप्त माणसाला तुम्ही 'काय नमुना आहे!' म्हणता, तसे मला कोणी म्हटले तरी माझी हरकत नाही. मी आहेच तसा. पण गेल्या महिन्यात माझ्या पाठीवर एक लाल चिठ्ठी चिकटवली गेली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'निकामी'. तिला मात्र माझी हरकत होती, आहे आणि राहील. ती चिठ्ठी आज कुठे आहे ते मी शेवटी सांगणार आहे. आधी माझे ऐका.

मित्रांनो, मी अख्खे हृदय नाही. मी फक्त हृदयाच्या दाराचा नमुना आहे. हृदयातून रक्त बाहेर पडते तिथे एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. हृदयाने रक्त ढकलले की त्या उघडतात, ढकलणे थांबले की मिटतात. जन्मभर हेच काम. म्हातारपणी काही जणांच्या पाकळ्यांवर चुन्याचे खडे साठतात. मग त्या ताठ होतात, नीट उघडत नाहीत. माणसाला जिना चढवत नाही, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.

या झडपेच्या जरा वर, भिंतीत दोन भोके असतात. एक डावे, एक उजवे. तिथून दोन बारीक नळ्या निघतात आणि खुद्द हृदयाला रक्त पुरवतात. साऱ्या शरीराला वाढणारे हृदय स्वतः जेवते ते या दोन नळ्यांतून. त्या बंद झाल्या तर काही मिनिटांत सगळे संपते. माझी गोष्ट या भोकांची आहे, त्यातही डाव्या भोकाची. तेवढे लक्षात असू द्या.

माझा जन्म एका यंत्रात झाला. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, स्कॅनच्या खोलीशेजारी, एक थ्रीडी प्रिंटर होता. स्कॅनवाल्या ताईंनी एका बाईंच्या हृदयाची चित्रे त्याला दिली आणि अकरा तास त्याने थरावर थर चढवून मला घडवले. मी बाहेर आलो तेव्हा मुठीएवढा होतो, मऊ होतो आणि पाण्यासारखा पारदर्शक होतो. आज मी जुन्या साबणासारखा पिवळा पडलो आहे. ताईंनी मला खालून एक जाड नळी जोडली आणि ती नळाला लावली. वरच्या दोन भोकांना दोन बारीक नळ्या जोडल्या आणि त्यांच्याखाली दोन छोट्या बादल्या ठेवल्या. नळ सोडला की दोन्ही बादल्यांत धार पडे. ते दिसायला फार सुंदर होते.

ज्या बाईंच्या हृदयावरून मी झालो त्यांना सगळे नळाच्या मावशी म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. बाजारामागच्या गल्लीत त्यांचे नळदुरुस्तीचे दुकान होते. नवरा वारल्यावर त्यांनी पाना हातात घेतला तो खाली ठेवलाच नाही. आता दुकान लेक बघत होती. म्हणजे लेक बघत होती आणि मावशी तिला दिवसभर सुधारत होत्या. पण वर्षभरात त्यांचा दम इतका वाढला की दुकानाच्या चार पायऱ्या त्या तीनदा थांबून चढत. त्यांची फुप्फुसे कमजोर होती, त्यामुळे छाती उघडून शस्त्रक्रिया करणे शक्य नव्हते. उपाय एकच राहिला होता. जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक लांब तार हृदयापर्यंत न्यायची, तिच्यावरून घडी केलेली नवी झडप सरकवायची आणि जुन्या झडपेच्या आतच ती उघडायची.

त्याची रंगीत तालीम माझ्यावर झाली. मोठ्या डॉक्टरांनी सरावाची झडप माझ्यात बसवली आणि नळ सोडला. दोन्ही बादल्यांत सारखीच धार पडली. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! ह्याला म्हणतात नमुना!" असे ते चारचौघांत म्हणाले. मावशींच्या फाइलमध्ये लिहिले गेले, 'नमुन्यात अडथळा नाही.' गुरुवारी सकाळी काम करायचे ठरले आणि मला डॉक्टरांच्या टेबलावर मानाची जागा मिळाली. मी फुगलो होतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला आमच्यासारखे रबरी जीव फार सोपे असतात.

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझी लाज सांगतो. मला पाकळ्याच नव्हत्या.

असे झाले होते की पाकळ्या फार पातळ असतात. स्कॅनच्या चित्रात त्या पुसट दिसतात आणि यंत्र पुसट गोष्टी सोडून देते. त्याने मला भिंती दिल्या, भोके दिली, पण ज्या पाकळ्यांमुळे मावशी आजारी होत्या त्याच दिल्या नाहीत. मी म्हणजे चौकट होतो, दार नव्हते. आणि अशा रिकाम्या चौकटीतून पाणी गेले म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना धोका ठाऊक नव्हता असे नाही. डावे भोक खाली आहे हे त्यांनी स्वतःच मोजले होते. पण मी समोर होतो, पारदर्शक होतो, आरपार दिसत होतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. त्या दिवशी फसवणारा मी होतो.

मंगळवारी मावशी आणि त्यांची लेक डॉक्टरांना भेटायला आल्या.

"बसा आजी," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मावशी म्हणा. आजी तुमच्या घरी," मावशी धापा टाकत म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

डॉक्टर हसले. त्यांनी मला पुढे केले. "हे तुमचंच हृदय बरं का, मावशी. अगदी हुबेहूब. नवी झडप घडी करून इथवर आणायची आणि इथं उघडायची. झालं काम."

"आणि जुनी?"

"जुनी तिथंच राहते. नवी तिच्या आत बसते."

"काढत नाही तुम्ही?"

"काढायची गरजच नसते."

मावशींनी मला उचलले. त्यांचे हात खरखरीत होते आणि नखांच्या कडा काळ्या होत्या. त्यांनी करंगळी माझ्या आत घातली आणि सावकाश फिरवली. मी जन्मात तेवढा घाबरलो नव्हतो. यंत्राला जे दिसले नाही ते या बोटाला दिसणार हे मला आधीच कळले.

"डॉक्टर, रागावू नका," त्या म्हणाल्या. "मी काही शिकलेली बाई नाही. पण नळात नवा वॉशर टाकायचा तर जुना आधी काढावा लागतो. नाही काढला तर तो दबतो, सरकतो, पण नाहीसा होत नाही. ह्याच्यात माझी जुनी झडप दिसत नाही मला. ती जाते कुठं?"

"ती बाजूला होते. भिंतीला चिकटते."

"हीच ना भिंत? जिच्यात ही भोकं आहेत?"

लेक ओशाळून म्हणाली, "आई, त्यांना कळतं गं."

"कळतं ना? मग सांगतील की. कपाटाचं दार पूर्ण उघडलं की मागचं दिव्याचं बटण झाकलं जातं. तसं काही व्हायचं नाही ना, एवढंच विचारते मी."

"आम्ही तपासलंय, मावशी. पाणी दोन्हीकडून गेलं," डॉक्टर म्हणाले.

दारात स्कॅनवाल्या ताई फाइल घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला होता. "गेलं, सर," त्या हळूच म्हणाल्या. "पण पाकळ्या नसलेल्या नमुन्यातून गेलं."

त्या दुपारी ताई जेवायला गेल्या नाहीत. त्यांनी स्कॅनची चित्रे एकेक करून पुन्हा मोजली. डावी पाकळी चौदा मिलिमीटर लांब होती. डावे भोक नऊ मिलिमीटर उंचीवर होते. मित्रांनो, चौदा आणि नऊ. एवढी वजाबाकी तुम्हालाही येते. ताईंनी रबरी हातमोज्यातून तीन पाकळ्या कापल्या, त्यांच्यावर चुन्याच्या खड्यांऐवजी काचा बसवायच्या लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, दाणे चिकटवले आणि माझ्या आत, मापात, एकेक पाकळी शिवली. शिवताना सुई मला टोचत होती. मी हूं की चूं केले नाही. मला पाहिजेच होते ते.

मग सरावाची झडप पुन्हा बसवली आणि नळ सोडला. उजव्या बादलीत धार पडली. डाव्या बादलीत आधी दोऱ्याएवढी धार पडली, मग थेंब पडू लागले. टप. टप. मग तेही थांबले.

"गोंद जास्त झाला असेल," डॉक्टर म्हणाले.

"पुन्हा करू, सर."

पुन्हा केले. पुन्हा थेंब. डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तीस वर्षं हृदयाचं काम करतोय मी. आता हातमोज्याच्या तुकड्यावरून बेत बदलू का?"

ताई मवाळ बाई होत्या. कोणाला उलट बोललेल्या मी त्यांना कधी ऐकले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी नळाची चावी धरून ठेवली आणि म्हणाल्या, "सात वेळा करू, सर. झडप जरा खाली बसवून बघू, लहान आकाराची घेऊन बघू. सातातून सातदा पाणी गेलं तर मी स्वतः फाइलवर सही करते."

सात वेळा केले. मी काय करत होतो ते ऐका. मला ठाऊक होते की डॉक्टरांना होकार हवा आहे. दोन दिवसांपूर्वी होकार दिला म्हणून मला शाबासकी मिळाली होती, टेबलावर जागा मिळाली होती. आता नकार दिला तर मी अडगळीत जाईन हेही मला कळत होते. तरी मी पाचदा डावे भोक बंद केले. लहान झडप, मोठी झडप, वर, खाली. नाही म्हणजे नाही! सातव्या वेळी झडप डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने बसवली आणि बादलीकडे बघत राहिले. बादली कोरडी राहिली. त्यांनी एक स्टूल ओढले आणि त्याच्यावर बसले.

"हा पठ्ठ्या ऐकतच नाही," ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजातला राग गेला होता.

"नुसता नन्नाचा पाढा लावलाय त्यानं," कोपऱ्यातून मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या दिवसापासून माझे नाव नन्ना पडले. बारशाला मी स्वतः हजर होतो असे सांगणारे जगात थोडे. मी त्यातला एक आहे.

गुरुवार रद्द झाला. सोमवार ठरला. बुधवारी डॉक्टर स्वतः, वॉर्डात दाखल झालेल्या मावशींच्या खाटेशी जाऊन बसले आणि मला मांडीवर घेऊन त्यांनी सगळे सांगितले. "मावशी, तुमचा प्रश्न बरोबर होता. जुनी पाकळी डाव्या भोकावर आडवी येऊ शकते. म्हणून आम्ही मनगटातून आणखी एक बारीक तार आधीच त्या भोकात घालून ठेवणार. तारेवर एक मिटलेली जाळीची नळी असेल, स्टेंट. भोक उघडं राहिलं तर ती तशीच काढून घ्यायची. बंद झालं, तर तिथंच उघडायची. आधी न घालता नंतर शोधायला गेलो तर वाट सापडेलच असं नाही."

"म्हणजे गळती होईल म्हणून आधीच बादली लावून ठेवायची."

"अगदी तसंच. तरी धोका राहतोच. तुम्ही नको म्हणालात तर..."

"तर किती दिवस?"

डॉक्टरांनी खरे ते सांगितले. वर्ष, फार तर दीड वर्ष, तेही खाटेवर. लेकीने पदर तोंडाला लावला. मावशींनी तिच्याकडे न बघता माझ्यावरची धूळ झटकली. खरे तर माझ्यावर धूळ नव्हती.

"खाटेवर बसून वर्ष काढणं मला जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "लावा बादली. कोरडी राहिली तर मी हसणार नाही तुम्हाला."

सोमवारी ताईंनी मला काचेपलीकडच्या खोलीत, पडद्यांसमोर ठेवले. तिथून कॅथलॅबमधले, म्हणजे हृदयात तारा घालायच्या खोलीतले, सगळे दिसत होते. शिशाचे जड डगले घातलेली माणसे, वर टांगलेले क्ष-किरणांचे यंत्र आणि हिरव्या चादरीखाली मावशी. त्या जाग्या होत्या. त्यांना फक्त गुंगीचे थोडे औषध दिले होते.

"नन्ना आलाय का?" त्यांनी विचारले.

"आलाय, मावशी. काचेमागं बसलाय," सिस्टर म्हणाल्या.

आधी राखणीची तार डाव्या भोकात गेली आणि जाळीची नळी मिटून आत थांबली. मग जांघेतून नवी झडप आली. झडप उघडताना हृदय काही क्षण मुद्दाम फार वेगाने धडधडवतात, म्हणजे रक्ताचा जोर कमी होतो आणि झडप जागेवरून हलत नाही. तेवढ्यापुरता रक्ताचा दाब पडतो. मग तो आपोआप वर यायला हवा. झडप उघडली. छान, गोल, जागच्या जागी बसली. कोणीतरी "झकास!" म्हणालेसुद्धा.

दाब वर आला नाही.

"साठ," सिस्टर म्हणाल्या. "पंचावन्न. पन्नास."

"छातीवर कुणी बसलंय," मावशी पुटपुटल्या. मग त्या बोलायच्या थांबल्या.

डॉक्टरांनी क्ष-किरणांत काळे दिसणारे औषध रक्तात सोडले आणि पडद्यावर बघितले. उजवी नळी काळ्या रेघेसारखी भरली. डाव्या बाजूला फक्त एक दोरा दिसला. मित्रांनो, तो दोरा मी पूर्वी पाहिला होता. माझ्याच बादलीत पाहिला होता. त्या क्षणी माझे खरे ठरले होते आणि मला ते मुळीच नको होते. मी खोटा पडावा, मला नालीत फेकावे, पण ती पाकळी बाजूला व्हावी, असे मला वाटत होते. पण मी रबर. वाटून काय करणार?

"त्रेचाळीस," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज हलला नाही. मला त्या बाईचे आजही कौतुक वाटते.

"जाळी मागं घेतो. अर्धी आत, अर्धी वर," डॉक्टर म्हणाले. तार तिथे होतीच. वाट शोधावी लागली नाही. त्यांनी मिटलेली जाळी पाकळी आणि भिंत यांच्यामध्ये आणून उभी केली आणि फुगवली. धुराडे घरातून वर निघते, तशी ती भोकातून वर निघाली आणि पाकळीला तिने बाजूला रेटून धरले. पडद्यावर डावी नळी टोकापर्यंत काळी झाली.

"पन्नास," सिस्टर म्हणाल्या. "अडुसष्ट. नव्वद. एकशे पाच."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मला उचलले आणि पोटाशी घट्ट धरले. इतके घट्ट, की माझ्या एका शिवणीचा टाका तुटला. तो मी कधी मोजला नाही.

तासाभराने मावशींनी डोळे नीट उघडले. डॉक्टर शेजारीच उभे होते. मावशींचा पहिला प्रश्न असा होता, "बादली लागली का?"

"लागली, मावशी," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतरची चार वर्षे माझी ऐन उमेदीची होती. शिकायला येणारा प्रत्येक डॉक्टर आधी माझ्यापाशी येई. माझ्या पाकळ्या कितीदा कापल्या, कितीदा नव्या शिवल्या, याची गणती नाही. कधी आखूड, कधी लांब, कधी खड्यांनी भरलेल्या. त्या खोलीत एक रीत पडली. नळ सोडण्याआधी कोणीतरी मोठ्याने विचारायचे, "जुनी झडप जाते कुठे?" आणि उत्तर बोटाने दाखवल्याशिवाय कोणी चावीला हात लावायचा नाही. नवीन मुलेमुली आधी हसत. मी त्यांच्या देखत एकदा डावी बादली कोरडी ठेवली की हसणे बंद होई. बऱ्याचदा मी होकारही देई बरे का! मला नाही म्हणण्याचा सोस नव्हता. जे होते ते मी सांगत होतो.

पण दिवस सारखे राहत नाहीत. ताईंची बदली वरच्या मजल्यावर, नव्या संगणक विभागात झाली. प्रवेशद्वाराच्या दालनात कोणीतरी भेट दिलेले एक चकचकीत हृदय आले. काचेच्या पेटीत, खालून निळा दिवा, लाकडी बैठक. येणारेजाणारे त्याच्याबरोबर फोटो काढू लागले. इकडे माझी जाड नळी सांध्यापाशी गळू लागली. टेबल ओले होते म्हणून मला बशीत ठेवले. बशी भरते म्हणून कपाटात ठेवले. मग एक दिवस भांडाराचे साहेब आले. स्वभावाने वाईट नव्हते ते, पण गळणारी वस्तू म्हणजे भंगार, एवढाच त्यांचा हिशोब. त्यांनी माझ्या पाठीवर लाल चिठ्ठी चिकटवली आणि मला तुटक्या खुर्च्यांच्या चाकांबरोबर एका खोक्यात टाकले.

खोक्यात मी रडलो असे तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. मी संतापलो होतो. गळतो म्हणून निकामी? अरे, गळतो तो सांधा, मी नाही! ज्या भोकांमुळे एक माणूस जगला ती भोके अजून मिलिमीटरला मिलिमीटर बरोबर होती. मला कोणी विचारले असते तर मी शंभर माणसांत हे सांगितले असते. पण विचारणारे कोणी नव्हते.

एक होते. गेल्या महिन्यात मावशी वार्षिक तपासणीला आल्या. वय ब्याऐंशी. लिफ्ट बंद होती म्हणून दोन मजले जिन्याने चढून आल्या आणि लेकच मागून धापा टाकत होती. सरावाच्या खोलीत त्यांनी इकडेतिकडे बघितले.

"माझा नन्ना कुठाय?"

सिस्टरांनी मान खाली घातली आणि खालच्या भांडाराचे नाव सांगितले. मावशी आल्या तशा खाली उतरल्या.

"बाई, ते खोकं उद्या भंगारात जातंय," भांडाराचे साहेब म्हणाले. "गळतो तो."

"गळतो म्हणून टाकायचं झालं तर आधी मला टाका."

"हात लावू नका. दवाखान्याची मालमत्ता आहे ती."

"मालमत्ता तुमची असेल," मावशी मला खोक्यातून काढत म्हणाल्या, "आतली भोकं माझी आहेत!"

साहेब नियमांचा कागद शोधू लागले. मावशींनी पिशवी उघडली. तपासणीला येतानाही त्यांच्या पिशवीत पाना आणि पांढऱ्या टेपची गुंडाळी होती. लेकीने कपाळाला हात लावला. मावशींनी माझा सांधा सोडला, जुना चिकटा खरवडला, टेपचे सात वेढे दिले आणि सांधा आवळला. कोपऱ्यातल्या बेसिनच्या नळाला मला लावून पाणी सोडले. सांध्यातून एक थेंब आला नाही.

"हा निकामी?" त्यांनी साहेबांना विचारले. मग नखाने लाल चिठ्ठी हलकेच सोडवली, न फाडता, आणि बोटाच्या टोकावर धरली. एका हातात मी आणि दुसऱ्या हाताच्या बोटावर चिठ्ठी, अशा त्या थेट प्रवेशद्वाराच्या दालनात गेल्या. मागे साहेब, त्यांच्यामागे लेक, आणि बातमी कळल्यामुळे जिन्यावरून मोठे डॉक्टर आणि ताई.

मावशी काचेच्या पेटीपुढे वाकल्या. निळ्या दिव्यात ते हृदय झळकत होते. त्यांनी एका बाजूने बघितले, दुसऱ्या बाजूने बघितले, चष्मा वर करून बघितले.

"डॉक्टर, ह्याला पाकळ्या कुठंयत?"

डॉक्टरही वाकले. बराच वेळ त्यांनी आत बघितले. मग ताठ उभे राहिले. "नाहीत," ते म्हणाले.

मावशींनी चिठ्ठी काचेवर चिकटवली आणि वरून अंगठ्याने दाबली.

"अहो, हे काय!" साहेब पुढे धावले.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "ताई, नन्नाला वर घेऊन चला. उद्या सकाळी नवी तुकडी येतेय."

ती चिठ्ठी तिथे तीन दिवस होती. कोणी पाहुणे येणार म्हणून ती काढली, पण काचेवर चिकट्याचा एक चौकोनी डाग राहिला आहे. रोज पुसतात. जात नाही. जाऊही नये.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, सांभाळा. मी तसे म्हणणार नाही. मला जपू नका. काचेत तर मुळीच ठेवू नका. मला कापा, शिवा, पाण्याखाली धरा, चुरगळा. गळलो तर सांधा आवळा. पण मी 'नाही' म्हणालो तर बादली बघा, माझा रंग बघू नका. आणि तुमच्यापुढे कोणी छान, स्वच्छ, आरपार दिसणारी गोष्ट ठेवली आणि सगळे टाळ्या वाजवू लागले, तर तुमची करंगळी आत घालून बघा. मोठी माणसे रागावतील. रागावू द्या. मावशींवरही रागावली होती.

आत्ता माझ्यासमोर एक नवी डॉक्टर उभी आहे. आज तिचा पहिला दिवस. तिने झडप छान बसवली आहे आणि तिचा हात नळाच्या चावीवर गेला आहे. थांब पोरी. आधी विचार. हां, विचारलेस. आता बोटाने दाखव. बरोबर.

सोड पाणी.